दार बघल्याशिवाय कडी नाय

आईच्या बाथरूमचं दार उघडायला त्यांना पाऊण तास लागला, असं मी सगळ्यांना सांगते. माझा नवरा म्हणतो, वीस मिनिटं. त्यानं माझ्या फोनमधल्या कॉलच्या वेळा काढून मला दाखवल्यात. असेल बाबा! पण तो तेव्हा तळोज्याला कंपनीत होता, मी दाराच्या बाहेर होते आणि माझी आई आत होती. त्यामुळे माझा पाऊण तासच खरा.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. कराव्यात, खाडीकाठच्या त्यांच्या गावात, त्यांना सगळे नुसतं काका म्हणतात, मीही तेच म्हणायचे. घराणं खाडीत जाळी टाकणारं, पण हे स्वतः तळोज्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. रिटायर झाल्यावर गावातली कौलारू घरं एकेक करून पडायला लागली, तिथे चार-चार मजले उभे राहायला लागले, आणि हे प्रत्येक पडणाऱ्या घरापुढे पिशवी घेऊन हजर. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, खिट्या, झोपाळ्याच्या साखळ्या, खुंट्या, खिडक्यांचे गज, पितळी मुठी. कुणी जहाजं तोडणाऱ्यांकडून आणून दिलं तर तेही. त्यांच्याही घराची बिल्डिंग झाली होती. तळमजल्यावर रस्त्याच्या तोंडावर मोक्याचा गाळा. मुलं म्हणायची मोबाइलवाल्याला भाड्यानं देऊ, सुना म्हणायच्या ब्युटी पार्लर काढू. काकांनी त्यात छतापर्यंत लोखंड आणि पितळ भरलं आणि शटरची किल्ली करगोट्याला बांधली. विषय संपला.

माझा धंदा घरं सजवून द्यायचा. सीवूड्सच्या नव्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहायचं आणि दाराला मात्र पणजोबांच्या काळची कडी हवी, अशी हल्ली माणसं असतात. हसू नका, माझं घर त्यावर चालतं. तर मी पहिल्यांदा त्यांच्या गाळ्यात शिरले, एक बिजागरी उचलली आणि विचारलं, "काका, हे भंगार कसं दिलंत?"

त्यांनी माझ्या हातातून ती बिजागरी काढून घेतली, लुंगीला पुसली, जागेवर ठेवली. "भंगारवाला स्टेशनजवल हाय," म्हणाले आणि मी आत असतानाच शटर अर्धं खाली ओढलं. मला वाकून बाहेर यावं लागलं.

आठवड्यानं पुन्हा गेले. तेव्हा शहाणपणानं "अँटिक" म्हटलं. ते आणखी बिनसलं. "अँटिक काय? ही कडी परवापरेन रोज लावत व्हते. आजबी लावली तर लागंल. चालतीय तिला मेलेली कशाला बोलता?"

तिसऱ्यांदा मी नुसतं म्हटलं, "काका, कडी पाहिजे."

"दार कुठला?"

"सीवूड्सला. क्लायंटचं."

"मना दाखवा. दार बघल्याशिवाय कडी नाय."

मला वाटलं म्हातारा गंमत करतोय. गंमत नव्हती. ते खरोखर यायचे. खांद्याला कॅनव्हासची पिशवी, पायात रबरी चपला. सिक्युरिटीवाला अडवायचा, तेव्हा रजिस्टरमध्ये 'कामाचं कारण' या रकान्यात लिहायचे, 'दार'. घरात आले की चपला बाहेर, आणि मग दारासमोर उभे. दार उघडायचं, मिटायचं. उघडायचं, मिटायचं. सात-आठ वेळा. क्लायंट माझ्याकडे बघायचा, मी छताकडे बघायची. मग प्रश्न. घरात कोण कोण हाय? म्हातारा मानूस? लहान पोर? दार जास्त कोन उघडतो? एका घरात त्यांनी ठरलेली मूठ काढून उलट्या बाजूला बसवली. मी म्हटलं, काका, हे काय? तर म्हणाले, या घरची बाय डावखुरी हाय. कसं कळलं? "पानी दिला तवा बघला नाय तुमी?" मी त्या बाईंकडे चार महिने जात होते. मला माहीत नव्हतं.

पितळ खरं की मुलामा दिलेलं, ते जिभेच्या टोकानं ओळखायचे. सरळ चाटायचे, एखाद्या पोरानं खिडकीचा गज चाटावा तसे. जोडीतली एक बिजागरी कधी दिली नाही. तेजाबानं चकचकीत केलेला माल दारातूनच परत पाठवायचे. गंज काढायचा तर डिझेलमध्ये बुडवून आठवडाभर थांबायचं, घाई असेल त्यानं मॉलमध्ये जावं. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधलेली. त्यावर नाव नसायचं, जागा असायची. 'माजघर, उजवी.' 'गोठा, खालची.' 'देवाची खोली.' जिथून निघालं त्याच तऱ्हेच्या जागी जावं, असा त्यांचा हट्ट. गोठ्याची कडी मी एका बँकवाल्याच्या बेडरूमला मागितली तेव्हा मला तासभर बसवून ठेवलं, आणि शेवटी नाहीच दिली.

भांडणं व्हायची आमची. कडाक्याची! एकदा त्यांनी दिलेल्या झोपाळ्याच्या साखळ्या मी ठरल्या जागी न लावता क्लायंटच्या हट्टापायी बाल्कनीत लावल्या. कसं कोण जाणे, त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी काका शिडी घेऊन त्या घरी हजर, आणि साखळ्या उतरवायला सुरुवात. क्लायंटचा मला फोन. मी धावत गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. माझं तोंड तसं वाईटच आहे. तुम्ही माझा धंदा बसवणार, तुम्हाला काय कळतं, विकल्यावर वस्तू तुमची राहते का, सगळं. ते शिडीवर उभं राहून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "झाला? आता शिडी धरा." मी धरली. वर बाल्कनीच्या छताला भोक पाडलं होतं तिथून मूठभर वाळू खाली आली माझ्या डोक्यावर. खाली उतरल्यावर पिशवी भरता भरता एवढंच म्हणाले, "फिटरनं जागा नाय बघली का मानूस जातो. मी बघलाय."

कुठे बघितलं, कोण गेलं, ते मी विचारलं नाही. तेव्हा मला फक्त केसातली वाळू दिसत होती.

आता त्या कुलपाचं सांगते.

ते बोटीवरचं होतं. कुठल्या तरी जुन्या जहाजाच्या केबिनचं. पांढऱ्या चिनीमातीची मूठ, भोवती पितळेची चकती, आतल्या बाजूला बोटानं फिरवायचा नाजूक खटका. मी आयुष्यात इतकं देखणं कुलूप पाहिलेलं नाही. बघितलं आणि वेडीच झाले. आणि नेमकं त्याच महिन्यात माझ्या स्वतःच्या घराचं काम चाललं होतं. आईच्या खोलीतल्या बाथरूमला मी जुन्या सागवानाचं दोन इंच जाडीचं दार लावलं होतं. त्याच्यावर हे कुलूप! डोळ्यांसमोर फोटोच उभा राहिला.

बाबा गेल्यानंतर आई सांगलीचं घर सोडून माझ्याकडे आली, त्याला चार वर्षं झाली होती. वय शहात्तर, साखरेचं दुखणं, रोज सकाळी इन्सुलिन. बाकी तिचा त्रास शून्य. घरात आहे की नाही कळायचं नाही, इतकी गप्प. मी लोकांना कौतुकानं सांगायची, आमची आई अगदी ॲडजस्ट झालीय हो.

काकांना मी खरं तेच सांगितलं होतं आधी. आईच्या बाथरूमला पाहिजे म्हटलं. त्यांनी कुलूप माझ्या पुढ्यातून उचललं. "नाय. याची चावी बोटीबरोबर गेली. आतून खटका फिरवला का भायेरून उघडाचा उपाय नाय. आनि खटक्याची स्प्रिंग थकलीय, ऐका." त्यांनी खटका माझ्या कानाशी धरून फिरवला. मला काहीही वेगळं ऐकू आलं नाही. "मानसाच्या दाराला नाय लावाचा ह्याला."

"मग कशाला लावायचं?"

"कपाटाला लावा. कपाटात बसून कोन आतून खटका लावत नाय."

आठ दिवसांनी मी जाऊन म्हटलं, बरं, कपाटाला. ते घरी आले. पॅसेजमधलं इस्त्रीच्या कपड्यांचं कपाट दाखवलं. दार सात-आठ वेळा उघडून मिटून झालं. मग दुपारभर बसून त्यांनी ते कुलूप असं बसवलं की फट दिसेना. आई तिथेच शेंगा सोलत होती. तिनं त्यांना चहा दिला, दोघांच्या गप्पा झाल्या, खाडीतले निवटी मासे हल्ली मिळतात का वगैरे. निघताना मला म्हणाले, "न्हानीला नको हां, बाय." मी म्हटलं, "नाही हो काका, किती वेळा सांगाल!"

पंधरा दिवसांनी घरसजावटीच्या एका मासिकाची माणसं फोटो काढायला येणार होती. आदल्या दिवशी मी माझ्या सुताराला, रामसजनला बोलावलं आणि कुलूप कपाटावरून काढून आईच्या बाथरूमला लावायला सांगितलं. आधीची ॲल्युमिनियमची कडी काढून टाकली. दोनच दिवसांचा प्रश्न होता. फोटो झाले की परत कपाटाला. रामसजननं वर लाखेचा हात मारला, स्क्रूसुद्धा दिसेनासे केले. फोटो झकास आले. दोन दिवसांचे तीन आठवडे झाले, कारण ते तिथे फार छान दिसत होतं. दुसरं कारण नाही. शोधलं तरी सापडत नाही.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला आईनं इन्सुलिन घेतलं. त्यानंतर अर्ध्या तासात तिला खायला लागतं. उपमा झाला नव्हता, कारण मी एका क्लायंटशी फोनवर टाइल्सवरून वाद घालत होते. आईनं दोनदा स्वयंपाकघरात डोकावून बघितलं, मला हातानं "चालू दे" अशी खूण केली आणि म्हणाली, तोवर अंघोळ उरकते.

फोन संपला, उपमा झाला, ताटली वाढली. आई येईना. दारापाशी गेले तर आतून खटक्याचा आवाज. फिरतोय, फिरतोय, आणि काहीच होत नाही.

"आई?"

"हे उघडत नाहीये गं."

"जोरात फिरव."

"फिरवतेय. नुसतंच फिरतंय. मी जरा बसते."

आणि तिचं बसणं मी ऐकलं. दाराला पाठ लावून ती घसरत खाली बसली. दार आत उघडणारं, दोन इंच जाडीचं, आणि त्याला टेकून माझी आई.

रामसजनला फोन केला. तो खारघरला होता. "तोड दो मॅडम," म्हणाला. शेजारचे सेक्रेटरी आणि वॉचमन पहार घेऊन आले. वॉचमननं खांदा लावून एक धक्का दिला तशी आई आतून ओरडली, "पाठ! माझी पाठ!" मी वॉचमनला हातानं मागे ढकललं. फायर ब्रिगेडला आणि अँब्युलन्सला फोन केला, ते म्हणाले निघतोय. खिडकी डक्टमध्ये, हाताएवढी, अकराव्या मजल्यावर. बिजागऱ्या आतल्या बाजूला. मी ती मूठ दोन्ही हातांनी धरून पिळत होते, रडत होते आणि त्या मुठीला शिव्या देत होते. आई म्हणाली, "रडू नकोस गं. मला जरा घाम आलाय एवढंच."

साखर उतरायला लागली की तिला आधी घाम येतो.

मी काकांना फोन लावला. ते नेहमीसारखेच म्हणाले, "बोला. कनचा दार?"

"काका, आईच्या बाथरूमचं. आई आत आहे."

"बोटीचा?"

"हो."

"आलो."

मुलाच्या रिक्षातून आले. कराव्याहून सीवूड्स काही लांब नाही, पण ते येईपर्यंत मी किती नवस बोलले ते मलाच ठाऊक. आले, चपला बाहेर काढल्या. त्याही वेळी! मला वाटलं किंचाळावं. माझ्याकडे बघितलंही नाही. पॅसेजमधल्या कपाटाच्या दाराला जिथे कुलूप होतं तिथे आता भोक होतं, त्याच्यावरून एकदा नजर गेली. मग दारापाशी खाली बसले आणि दाराला कान लावला.

"ताई, मी कराव्याचा. त्या दिशी चाय पिलो व्हतो तुमच्याकडं. वलखलात का?"

"हो," आई म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

"नाश्ता केला का?"

"नाही. इंजेक्शन घेतलंय. खायचं राहिलं."

त्यांनी मान न वळवता हात मागे केला. "साखर. थोड्या पान्यात कालवून. घट्ट."

एवढ्या वेळात मला कुलूप दिसत होतं, दार दिसत होतं, पहार दिसत होती. साखर सुचली नव्हती. माझी आई, तिचं दुखणं मी रोज बघते, आणि मला नाही सुचलं! मी वाटी आणली. त्यांनी पिशवीतून लोखंडी पातळ पट्टी काढली, धोतराच्या, नाही, तेव्हा लुंगी होती, लुंगीच्या टोकानं पुसली, तिच्या टोकावर साखरेचा चिखल ठेवला आणि दाराखालच्या बोटभर फटीतून आत सरकवली. "ताई, उजव्या हाताला खाली बघा. बोटानं काढा आनि चाटा. लाजू नका, कोन बघत नाय."

पट्टी हलली. बाहेर आली तेव्हा रिकामी होती. पुन्हा भरली, पुन्हा सरकवली. तिसऱ्या खेपेला अर्धीच रिकामी होऊन आली.

"आता सगल्यांनी भायेर जावा. पंखा बंद. फोन बंद," ते म्हणाले. "मना ऐकाचाय." सेक्रेटरी, वॉचमन बाहेर गेले. मी नाही गेले. मला त्यांनी हाकललं नाही, पण मी तिथे आहे असंही वागले नाहीत.

चकतीचे दोन स्क्रू काढायचे होते. रामसजनच्या लाखेनं त्यांच्या खाचा भरून गेल्या होत्या. काका सुईनं ती लाख खरवडत होते. कणाकणानं. घाई नाही, चिडचिड नाही. मी मनात म्हणत होते, तोडा, काहीतरी तोडा! आणि तोंडानं ते आईशी बोलत होते, चावडीवर बसल्यासारखे. तुमच्या सांगलीच्या घराचा दार कसा व्हता, ताई?

"मोठं होतं," आई म्हणाली. "दोन फळ्यांचं. आत आडवा अडणा. लाकडाचा."

"अडना कोन लावी?"

"मीच. रात्री. सगळे झोपल्यावर." मग, "मी लावला की... घर झोपायचं."

एक स्क्रू निघाला. दुसऱ्याची खाच झिजलेली. त्यांनी त्यावर तेलाचा थेंब सोडला आणि थांबले. तेल मुरायला थांबले! मी त्यांचा खांदा धरला. त्यांनी माझा हात उचलून बाजूला ठेवला, वस्तू ठेवतात तसा.

"ताई, अडना कनच्या लाकडाचा?"

उत्तर नाही.

"ताई."

नाही.

"आई!" मी ओरडले. आतून नुसता नळ ठिबकत होता.

काकांच्या कपाळावरून घाम नाकावर आला होता, पण हात होते तसेच चालत होते. दुसरा स्क्रू सुटला. चकती निघाली. त्यांनी वाकवलेली तार आत घातली, डोळे मिटले, दुसरा कान तळहातानं बंद केला. कुलपाच्या पोटात काहीतरी उचललं गेल्याचा आवाज आला, मग तो बारीक टकटक आवाज, जो त्यांनी मला गाळ्यात ऐकवला होता आणि मला ऐकू आला नव्हता. आता आला.

"ढकलू नका," ते म्हणाले. जमिनीवर आडवे झाले, हळूच वीतभर सरकवलेल्या दारातून हात खांद्यापर्यंत आत घातला आणि आईचं डोकं आपल्या तळहातावर घेतलं. "आता हलू. मी सांगंन तवा." बोट, बोट करत दार उघडलं. आई एका कुशीवर कलंडली होती. ओठांना साखर लागलेली, डोळे अर्धे मिटलेले. श्वास चालू होता. मी तिला कवटाळलं, आणि मागोमाग फायर ब्रिगेडचे बूट आणि अँब्युलन्सची माणसं पॅसेजमध्ये आली.

हॉस्पिटलात सलाईन लागलं. संध्याकाळी तिनं पहिलं काय विचारलं असेल? माझा चष्मा कुठाय. मी तेव्हा जी रडायला लागले ती नर्सनं मला बाहेर काढलं.

घरी आणल्यावर रात्रीचं जेवण झालं आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. काका नको म्हणत होते, मी त्यांच्याशी खोटं बोलले, फोटोसाठी ते कुलूप तुझ्या दाराला लावलं. माझ्यानं राहवेना.

"मला माहीत होतं," आई म्हणाली. "न्हाणीला नको म्हणाले तेव्हा मी तिथेच शेंगा सोलत नव्हते का? त्या सुतारानं लावलं तेही बघितलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

ती चादरीची सुरकुती सरळ करत बसली. "तुझं घर, तुझं काम. मी कशाला मध्ये बोलू?"

इतकं शांतपणे म्हणाली ती, की मला तिचा रागच आला. तीन आठवडे ही बाई रोज त्या दारामागे गेली, माहीत असून, आणि बोलली नाही! मग तो राग कुठे जायला पाहिजे ते कळलं.

त्यानंतर मी त्या दाराला कडीच ठेवली नाही. भोकात कागदाचा बोळा कोंबला. आई आत गेली की मी बाहेर उभी. दर मिनिटाला, "आई, बरी आहेस ना?" उत्तर यायला जरा उशीर झाला की दार ढकलून सरळ आत. दोनदा तिला अंग पुसताना गाठलं. तिनं टॉवेल छातीशी धरला आणि पाठ फिरवली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जीव वाचला हे महत्त्वाचं की लाज?

चौथ्या दिवशी काका न बोलावता आले. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेल्या तीन कड्या काढल्या आणि आईच्या पलंगावर, तिच्या पुढ्यात मांडल्या. मी म्हटलं, "काका, बसा, चहा टाकते. पण कडी आता नकोय आम्हाला."

ते आईलाच म्हणाले, "ताई, तुमाला कनची पायजे?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. मग कड्यांकडे. चार वर्षांत त्या घराचा रंग, पडदे, दिवे, नळ सगळं बदललं होतं, सगळं मी ठरवलं होतं, आणि मी स्वतः माणसांना घरं सजवून देते म्हणून मिरवते. आईला काय पाहिजे हे विचारायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती खूप वेळ कड्यांवरून हात फिरवत होती. मग मधली उचलली.

"ही. मला आतून कडी लावायला पाहिजे."

"अजिबात नाही!" मी उसळले. "परत तेच? वेड लागलंय का तुला? मी चार दिवस झोपलेली नाही आई, चार दिवस!"

"तुमी गप ऱ्हावा," काका मला म्हणाले. त्या दिवसापासून माझ्याशी बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. "दार त्यांचा हाय."

मी रडत स्वयंपाकघरात गेले. बाहेर ठोकाठोकी चालू होती. परत आले तेव्हा कडी लागली होती. साधी, पितळेची, आतून सरकवायची. बाहेरच्या बाजूनं त्यांनी लाकडात एक बारीक खाच ठेवली होती. चमच्याचं टोक आत घातलं की कडी मागे सरकते. माझ्या हातात चमचा देऊन माझ्याकडून पाच वेळा करून घेतलं. "हे अडचनीला," म्हणाले. "रोज ठोकाचा आनि थांबाचा."

बोटीचं कुलूप ते घेऊन गेले. चहा आईच्या हातचा घेतला. माझी माफी मात्र त्यांनी ऐकून घेतली नाही. मी तोंड उघडलं की पिशवीत काहीतरी शोधायचे.

मी त्यानंतर कितीदा तरी कराव्याला गेले. स्टूल देतात, पाणी देतात, आई कशी हाय विचारतात. मी दार कुठलं, घरात कोण कोण, सगळं न विचारता सांगते. फोटो दाखवते, यायला रिक्षा पाठवते म्हणते. ते ऐकून घेतात आणि म्हणतात, "नाय, बाय. तुमाला नाय." मुलांनी समजावलं, आईनं फोन केला. नाही म्हणजे नाही. माझे क्लायंट स्वतः गेले तर त्यांना देतात, त्यांच्या घरी जाऊन दार बघून येतात. मला एक खिळाही मिळालेला नाही.

कडी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंघोळीला गेली. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मी चमचा मुठीत धरून बाहेर उभी. पाच मिनिटं झाली, सात झाली. नळ बंद झाला. शेवटी मी बोटानं ठोकलं.

"कोण?"

"मी आहे. झालं का?"

"थांब जरा," आई म्हणाली.

चांगलं खणखणीत म्हणाली. सांगलीच्या घरात असंच म्हणायची. माझ्या घरी आल्यापासून चार वर्षांत ती मला एकदाही 'थांब' म्हणाली नव्हती. मी थांबले.